घोडा परतला, बैठक हरवली

दक्षिण मुंबईतील 'काळा घोडा' म्हणजे कलादालने, झुळझुळीत दुकाने आणि चोखंदळ खवय्यांची उपाहारगृहे. या देखण्या परिसराची ही सफर आणि त्याच्या बदलत्या चेहऱ्यामागच्या कारणांचा हा शोध.

मुंबईत पत्ता सांगण्याची एक खास रीत आहे. जे आता अस्तित्वात नाही, त्याच्याच खुणेवर येथे पत्ते सांगितले जातात. चर्चगेटला 'गेट' उरलेले नाही, फोर्टात किल्ला नाही, धोबीतलावाला तलाव नाही. आणि काळा घोडा म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या चौकात तब्बल अर्धे शतक घोडाच नव्हता! तरीही टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' एवढेच सांगितले, की तो अचूक जहांगीर कलादालनाच्या दारात आणून सोडत असे.

दक्षिणेला रीगल सिनेमाचा चौक, उत्तरेला मुंबई विद्यापीठाच्या इमारती, पश्चिमेला ओव्हल मैदान आणि पूर्वेला नौदलाच्या गोदीचे लायन गेट, अशा चतुःसीमेत हा परिसर सामावला आहे. रमतगमत चाललो, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचायला पंधरा मिनिटे पुरतात. परंतु एवढ्याशा जागेत एक मोठे वस्तुसंग्रहालय, अनेक कलादालने, शतकाहून जुने वाचनालय, एक महाविद्यालय, एक सिनेगॉग आणि देशातील नामांकित पोशाखकारांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. शनिवारी संध्याकाळी येथे फेरफटका मारावा, तर दगडी कमानींखाली विवाहपूर्व छायाचित्रे काढून घेणारी जोडपी, कॉफीगृहाबाहेर नंबर लावून थांबलेली तरुणाई आणि पदपथावर चित्रे मांडून बसलेले कलावंत असे संमिश्र चित्र दिसते.

या चित्रात काहीतरी उणे आहे, अशी खंत मात्र जुने मुंबईकर बोलून दाखवतात. ती केवळ स्मरणरंजनाची आहे, की तिला काही आधार आहे? त्याचे उत्तर शोधायचे, तर या परिसराच्या जन्मापासूनच सुरुवात करावी लागेल.

तटबंदी पडली, वस्ती घडली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई म्हणजे प्रामुख्याने कोटाच्या आतले शहर. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत ही तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर आकारास आले. काळा घोडा परिसर नेमका त्या तटाच्या रेषेवर वसलेला आहे. आजच्या के. दुभाष मार्गाचे जुने नाव 'रॅम्पार्ट रो' होते, ते या तटावरूनच. शेजारच्या साईबाबा मार्गाला 'रोपवॉक लेन' म्हणत. जहाजांसाठी लागणारे दोर येथे वळले जात, अशी त्या नावामागची कथा आहे. आज त्याच गल्लीत खेकड्याच्या रश्श्यासाठी मंडळी रांग लावतात!

तट पडल्यावर प्रथम उभ्या राहिलेल्या वास्तूंपैकी एक होती वॉटसन्स हॉटेल. १८६७ ते १८६९ या दरम्यान उभारलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजाने येथे आणला आणि जोडला गेला. भारतीय चित्रपटसृष्टीच्या इतिहासात या जागेला मानाचे पान आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. पुढे हॉटेल बंद पडून 'एस्प्लनेड मॅन्शन' या नावाने तेथे वकिलांची कार्यालये आणि भाडेकरू आले. इमारत धोकादायक झाल्याने २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली.

याच काळात या परिसराला आकार देण्याचे मोठे काम बगदादहून आलेल्या ससून या यहुदी व्यापारी घराण्याने केले. वाचनालय त्यांचे, सिनेगॉग त्यांचे, आणि ज्या घोड्यावरून परिसराला नाव पडले, तोही त्यांनीच दिलेला.

घोड्याची चित्तरकथा

१८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, भारतभेटीवर आले होते. त्या भेटीची आठवण म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी त्यांचा भव्य अश्वारूढ पुतळा मुंबईला भेट दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम यांनी घडविलेला हा पुतळा १८७९ मध्ये चौकात उभा राहिला. पुतळ्याचा रंग काळसर होता. सर्वसामान्य मुंबईकरांना घोड्यावर कोण बसले आहे याच्याशी फारसे देणेघेणे नव्हते. त्यांनी युवराजांना बाजूला सारून थेट घोड्याचेच नाव चौकाला दिले. साम्राज्याची अशी बिनबोभाट फजिती क्वचितच कोणी केली असेल!

स्वातंत्र्यानंतर वसाहतकाळातील पुतळे हलवावेत, असा आग्रह वाढू लागला आणि १९६५ मध्ये युवराज घोड्यासह चौकातून हलले. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात हा पुतळा आजही पाहावयास मिळतो. चौकात मात्र वाहने उभी करण्याची जागा तेवढी उरली. २०१७ च्या आरंभी काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने तेथे सुमारे २५ फूट उंचीचे नवे शिल्प उभे राहिले. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची संकल्पना आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांचे काम असलेल्या या घोड्यावर स्वार नाही. मुंबईकरांनी दीडशे वर्षांपूर्वी मनोमन केलेली दुरुस्ती अखेर शिल्पात उतरली.

कलेचे माहेरघर

चौकातील सर्वांत मोठी आणि डोळ्यांत भरणारी वास्तू म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९०५ मध्ये पायाभरणी झालेली जॉर्ज विटेट यांची ही इमारत १९१४ मध्ये बांधून पूर्ण झाली. परंतु पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाला आणि संग्रहालय म्हणून तिचे दरवाजे उघडले ते १० जानेवारी १९२२ रोजी. घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची छाप आहे. आत शिरल्यावर मान वर करून लाकडी कमानींकडे अवश्य पाहावे. नाशिकच्या एका वाड्याच्या लिलावातून विकत घेतलेले हे लाकूडकाम विटेट यांनी आपल्या दालनात बेमालूम बसवले आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी २०१९ पासून आवारातच स्वतंत्र बालसंग्रहालय आहे.

संग्रहालयाच्या शेजारी जहांगीर कलादालन. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहाला मान देऊन सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून १९५२ मध्ये ते उभे राहिले. त्याआधी मुंबईच्या चित्रकारांना प्रदर्शनासाठी हक्काची जागा जवळजवळ नव्हती. हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे आणि बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपने १९४९ मध्ये आपले पहिले प्रदर्शन भरवले, ते रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत. या सहांपैकी सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे हे दोघे मराठी, ही बाब आपल्याकडे अनेकदा विसरली जाते. १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर केकू गांधी यांनी 'गॅलरी केमोल्ड' सुरू केली आणि आधुनिक भारतीय चित्रकलेच्या खरेदी-विक्रीला येथे खऱ्या अर्थाने आरंभ झाला. २००७ मध्ये केमोल्ड तेथून फोर्टातील मोठ्या जागेत गेली.

जहांगीरला प्रवेश विनामूल्य आहे, हे आवर्जून सांगायला हवे. अनेक मुंबईकर 'आपल्याला त्यातले काही कळत नाही' म्हणून या दारावरून वर्षानुवर्षे परत फिरतात. प्रत्यक्षात आत कोणी परीक्षा घेत नाही. बहुतेक वेळा चित्रकार स्वतः दालनात बसलेला असतो आणि विचारले, तर हातचे काही न राखता बोलतो. येथे प्रदर्शनाची तारीख मिळण्यासाठी कलावंतांना वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागते. ज्यांचा नंबर लागलेला नाही, त्यांतले काही बाहेर पदपथावर चित्रे मांडतात. आतले आणि बाहेरचे यांत कधीकधी फक्त एका काचेच्या दाराचे अंतर असते.

रस्ता ओलांडला, की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९११ साली बांधलेले हे सर कावसजी जहांगीर सभागृह एकेकाळी सभा आणि संगीताच्या मैफलींसाठी गाजलेले होते. १९९६ मध्ये त्याचे कलादालनात रूपांतर झाले. बाहेरून जुन्या दगडी वळणाची असलेली ही वास्तू आतून अर्धवर्तुळाकार जिन्यांनी मजल्यामागून मजले वर चढत जाते. चित्रे पाहण्याइतकेच ते जिने चढणेही आनंददायी आहे. के. दुभाष मार्गावरील मॅक्सम्युलर भवनातही चित्रपट, व्याख्याने आणि प्रदर्शने यांची वर्दळ असते.

वाचनालयाची आरामखुर्ची

जहांगीरसमोर, रस्त्याच्या पलीकडे पिवळ्या मालाड दगडातील डेव्हिड ससून वाचनालय उभे आहे. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या संस्थेतून त्याचा जन्म झाला. म्हणजे या वाचनालयाचे मूळ कामगारांच्या ज्ञानलालसेत आहे. १८७० मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीला सव्वा लाख रुपये खर्च आला. त्यांतले साठ हजार डेव्हिड ससून यांनी दिले आणि उरलेले सरकारने. जिन्याजवळ त्यांचा पुतळा आहे. वरच्या मजल्यावरील सज्जात लांब दांड्यांच्या आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. दुपारच्या वेळी वर्तमानपत्र छातीवर ठेवून शांतपणे डुलकी घेणारे सभासद हे येथले नित्याचे दृश्य आहे. मागच्या बाजूला झाडांनी वेढलेली बाग आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिची कल्पनाही येत नाही. २०२३ मध्ये या वास्तूचे जीर्णोद्धाराचे काम पूर्ण झाले आणि तिला पूर्वीचे रूप लाभले.

वाचनालयाच्या बाजूला एल्फिन्स्टन महाविद्यालयाची १८८८ सालची इमारत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच महाविद्यालयातून १९१२ मध्ये पदवीधर झाले. याच वास्तूत राज्याचे पुराभिलेखागार आहे. मराठेशाहीच्या आणि मुंबई इलाख्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना येथल्या दप्तरांची वाट चुकत नाही.

मागच्या व्ही. बी. गांधी मार्गावर १८८४ मध्ये बांधलेले केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग आहे. जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ ते उभारले. अनेक वर्षे फिकट निळ्या रंगाने ओळखली जाणारी ही वास्तू २०१९ मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा खुली झाली. रंगीत काचांतून आत झिरपणारा उजेड पाहण्यासाठी सकाळची वेळ उत्तम. सुरक्षेच्या कारणास्तव ओळखपत्र सोबत बाळगावे.

जेथे बसता येत असे

वास्तूंचा हा वारसा आजही दिमाखात उभा आहे. मग उणे काय आहे? उणे आहेत त्या तीन जागा. त्या इमारती म्हणून महत्त्वाच्या नव्हत्या. तेथे बसता येत असे, म्हणून त्या महत्त्वाच्या होत्या.

पहिली जागा 'वेसाइड इन'. रॅम्पार्ट रोच्या कोपऱ्यावरचे हे साधे उपाहारगृह. राज्यघटनेच्या मसुद्याचे काही काम डॉ. आंबेडकरांनी येथल्या टेबलावर बसून केले, असे सांगितले जाते. मराठी वाचकांना ही जागा अधिक जवळची वाटावी, ती अरुण कोलटकरांमुळे. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत समर्थपणे लिहिणारा हा कवी वर्षानुवर्षे येथल्या खिडकीशी बसत असे. गुरुवारी दुपारी मित्रांची बैठक जमे. खिडकीतून दिसणारा चौक, तेथे वाहने लावण्याची त्रिकोणी जागा, पहाटे रस्ता झाडणारी बाई, इडली विकणारी, भटका कुत्रा, या साऱ्यांना त्यांनी आपल्या कवितेत आणले. त्यांतून 'काला घोडा पोएम्स' हा संग्रह सिद्ध झाला आणि २००४ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कोलटकर गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या पश्चात. वेसाइड इन मात्र त्यांच्या हयातीतच बंद झाले होते. त्या जागी एकामागून एक नवी, महागडी उपाहारगृहे येत गेली आणि कवींची बैठक फोर्टातल्या मिलिटरी कॅफे या इराण्याकडे हलली.

दुसरी जागा 'समोवार'. जहांगीर कलादालनाच्या आतच, आगगाडीच्या डब्यासारखे लांबट, अरुंद उपाहारगृह. उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये ते सुरू केले. एका बाजूला वस्तुसंग्रहालयाची हिरवळ दिसे. पुदिन्याचा चहा, खिमा पराठा, पेरूचा रस, दहीवडा हे येथले लाडके पदार्थ. चित्रकार, नाटकवाले, पत्रकार आणि खिशात बेताचे पैसे असलेले विद्यार्थी असे सारे येथे शेजारी शेजारी बसत. प्रस्तुत लेखकाने पत्रकारितेच्या पदविकेच्या दिवसांत चार मित्रांत दोन पेले चहा मागवून येथे अख्ख्या दुपारी काढल्या आहेत. वेटरने कधी बिल आणून समोर आपटले नाही. ज्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रात पाहिली होती, असे चित्रकार पलीकडच्या टेबलावर वाद घालत असत आणि आम्ही कान टवकारून ऐकत असू. त्या दुपारी कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हत्या. तरी चित्राकडे कसे पाहावे, हे थोडेफार कळले ते तेथेच. जागेवरून दीर्घकाळ चाललेल्या कज्जानंतर मार्च २०१५ मध्ये समोवार बंद झाले.

तिसरी जागा 'ऱ्हिदम हाउस'. १९४० च्या दशकात सुरू झालेले हे संगीताचे दुकान. रेकॉर्ड विकत घेण्याआधी ती ऐकून पाहण्याची सोय येथे होती. भीमसेन जोशींच्या ध्वनिमुद्रिकेपासून पाश्चात्त्य जॅझपर्यंत काहीही मागावे, विक्रेता सांगेल की याच रागाची आणखी एक चांगली मैफल अमक्या कप्प्यात आहे. कित्येक जण दोन तास ऐकून रिकाम्या हाताने परत जात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येत. संगीत भ्रमणध्वनीवर फुकट मिळू लागल्यावर हे गणित टिकणे अशक्य होते. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस ऱ्हिदम हाउसने निरोप घेतला. पुढे ही वास्तू एका हिरे व्यापाऱ्याच्या हाती गेली आणि बँक घोटाळ्याच्या चौकशीत जप्त झाली.

कायदा भिंतीचा, वहिवाटीचा नव्हे

या तिन्ही जागा वेगवेगळ्या कारणांनी गेल्या. परंतु त्यांच्या जाण्यामागची पार्श्वभूमी समान आहे आणि ती समजून घेणे आवश्यक आहे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. या कायद्यामुळे घरमालकांचे नुकसान झाले, इमारतींची डागडुजी रखडली, हे खरेच. मात्र त्याच कायद्याच्या छायेत साधी उपाहारगृहे, पुस्तकांची दुकाने, छोटी कलादालने शहराच्या ऐन मोक्याच्या ठिकाणी तग धरून राहिली. चार तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाला उठवण्याची मालकाला घाई नव्हती, कारण टेबलाच्या प्रत्येक तासाचे मोल त्याला मोजावे लागत नव्हते.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला आणि चित्र पालटले. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण या कायद्याने काढून घेतले. याच सुमारास कार्यालये लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकू लागली होती. फोर्टातील उंच छताच्या, प्रशस्त, देखण्या जागा रिकाम्या होऊन बाजारभावाने भाड्याला लागल्या. ते भाडे परवडणारे गिऱ्हाईक कोण? तर अर्थातच उंची पोशाख, दागिने आणि महागडी उपाहारगृहे. २०२३ मध्ये पोशाखकार सब्यसाची मुखर्जी यांचे भव्य दालन येथे थाटले गेले, ते एका जुन्या बँकेच्या इमारतीत. ही एकच घटना सारी कथा सांगून जाते.

याउलट इमारतींच्या बाह्यरूपाला भक्कम कवच मिळाले. १९९५ च्या वारसा नियमावलीने फोर्टातील वास्तूंना संरक्षण दिले. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कमानी, सज्जे, कंगोरे यांना आता सहजासहजी कोणी हात लावू शकत नाही. मात्र त्या कमानीखाली चहा मिळावा की हिरे, याविषयी कोणताही कायदा काही म्हणत नाही. आपण वास्तू जपल्या, वहिवाट जपायची राहून गेली.

आता जे टिकले आहे, त्याकडे पाहावे. वाचनालय, वस्तुसंग्रहालय, जहांगीर ही ठिकाणे का टिकली? ती दानातून उभी राहिली आणि विश्वस्तांकडे राहिली, म्हणून. पुस्तकांची गोष्टही हेच सांगते. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेला फोर्टातील स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद पडला. परंतु हुतात्मा चौकाजवळचे किताबखाना हे ग्रंथदालन २०११ पासून सुरू आहे. डिसेंबर २०२० मधील आगीत होरपळूनही काही महिन्यांतच ते पुन्हा उभे राहिले. सोमय्या उद्योगसमूहाच्याच सोमय्या भवनात ते आहे, हा योगायोग नव्हे. बाजारभावाच्या भाड्यापासून दूर राहिलेल्या जागाच आज माणसाला निवांत बसू देत आहेत.

नवी दुकाने, नवे स्वाद

म्हणून नव्या दुकानांकडे नाक मुरडून पाहावे काय? मुळीच नाही. या परिसराचे आजचे वैभव त्यांच्यामुळेच आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी निर्मनुष्य होणाऱ्या व्ही. बी. गांधी मार्गावर आणि रोपवॉक लेनमध्ये आता रात्रीपर्यंत माणसांचा वावर असतो. हातमागाच्या कापडासाठी फॅबइंडियाचे जुने, प्रशस्त दालन आहे. सुती कपडे आणि गृहसजावटीच्या वस्तूंसाठी निकोबार आहे. खरेदी करायची नसली, तरी जुन्या इमारतींच्या उंच छतांचा, दगडी भिंतींचा या दुकानांनी किती कल्पकतेने उपयोग केला आहे, ते पाहण्यासारखे आहे.

खवय्यांसाठी येथे पर्याय भरपूर आहेत. रोपवॉक लेनमधील 'तृष्णा' लोणी, मिरी आणि लसूण घातलेल्या खेकड्यासाठी ख्यातकीर्त आहे. कोकणातल्या माणसाला खेकड्यात लोणी ही कल्पना प्रथम रुचणार नाही. पण एकदा चाखल्यावर तो वाद घालत नाही. १९५८ पासूनचे 'खैबर' वायव्य सरहद्दीच्या पद्धतीच्या कबाबांसाठी प्रसिद्ध आहे. या दोन्ही ठिकाणी खिसा बऱ्यापैकी हलका होतो. काळा घोडा कॅफे हे लहानसे कॉफीगृह २००९ पासून आहे. कॉफीसोबत केकचा तुकडा घेऊन पुस्तक वाचत बसणारे एखाददुसरे टेबल येथे अजूनही दिसते.

आणि मग 'चेतना'. १९४६ साली सुरू झालेल्या या संस्थेचे उपाहारगृह आणि ग्रंथदालन के. दुभाष मार्गावर आहे. येथील शाकाहारी थाळी प्रसिद्ध आहेच. परंतु मराठी माणसाने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट येथे घडली. खेतवाडीत विडीचे दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठीतील निरूपणे मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणली. 'आय ॲम दॅट' या नावाने तो ग्रंथ चेतनाने १९७३ मध्ये प्रकाशित केला आणि खेतवाडीच्या माळ्यावरचे ते बोलणे जगभर पोहोचले. एकाच छताखाली जेवण आणि अध्यात्म, असा हा परिसराचा जुना स्वभाव चेतनाने राखला आहे.

एका दिवसाची भटकंती

ही सफर करायची, तर सकाळी दहाच्या सुमारास निघावे. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पायी साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागल्यापासून हुतात्मा चौक स्थानकावर उतरणे सर्वांत सोयीचे. स्वतःचे वाहन आणण्याचा मोह टाळावा.

सकाळी सिनेगॉग आणि वस्तुसंग्रहालय पाहावे. संग्रहालयाला किमान दोन तास द्यावेत, त्याहून कमी वेळ देणे हा त्या संग्रहाचा अपमान ठरेल. दुपारी जेवण आणि नंतर जहांगीर. ते सकाळी अकरा ते सायंकाळी सात या वेळेत खुले असते. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. संध्याकाळी के. दुभाष मार्ग आणि मागच्या गल्ल्यांतून दुकाने न्याहाळत हुतात्मा चौकाकडे जावे आणि किताबखान्यात थोडा वेळ काढावा.

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी येथे येणाऱ्यांना काळा घोडा कला महोत्सव अनुभवता येईल. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या नऊ दिवसांच्या महोत्सवात नाटक, नृत्य, साहित्य, चित्रपट, शिल्पे यांचे कार्यक्रम विनामूल्य असतात. परिसरातील वारसा वास्तूंच्या दुरुस्तीसाठी निधी उभा करणे, हा आयोजक संस्थेचा एक हेतू राहिला आहे. गर्दी अफाट होते, अशी तक्रार दरवर्षी होते आणि ती खोटी नाही. परंतु कल्याण-विरारहून लोकलने आलेले कुटुंब रॅम्पार्ट रोच्या मधोमध उभे राहून शिल्प निरखते आहे, हे दृश्य वर्षातून नऊ दिवस तरी दिसते, ही त्या गर्दीची दुसरी बाजू आहे.

पुढची खिडकी कोणाची?

काळ्या घोड्याचे भवितव्य काय, या प्रश्नाचे उत्तर दुकानदारांकडे मागणे योग्य होणार नाही. ते आपला व्यवसाय करीत आहेत. प्रश्न आहे तो आपल्या शहराने सार्वजनिक निवांतपणाची काही किंमत ठरवली आहे काय, हा. टांकसाळीतल्या तंत्रज्ञांना वाचायला जागा हवी होती, तेव्हा साठ हजार रुपये देणारा एक व्यापारी या शहराला मिळाला. चित्रकारांना भिंती हव्या होत्या, तेव्हा कावसजी जहांगीर पुढे आले. आजच्या मुंबईत धनिकांची वाण नाही. वारसा वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी ते देणग्याही देतात. त्याच वास्तूंच्या एखाद्या कोपऱ्यात परवडणाऱ्या दरात चहा मिळावा, चार खुर्च्या असाव्यात आणि तेथून कोणी उठवू नये, इतकी तरतूद विश्वस्तांना, महापालिकेला आणि दात्यांना मिळून करता येणार नाही काय?

तूर्त ज्याला बसायचे आहे, त्याला वाचनालयाचा सज्जा आहे, संग्रहालयाची बाग आहे, जहांगीरच्या पायऱ्या आहेत. परवाच्या शनिवारी त्या पायऱ्यांवर कलाशाखेतील वाटावीत अशी तीन मुले वहीत समोरचा घोडा रेखाटत बसली होती. शेजारी कागदी पेल्यांत कटिंग चहा होता. बराच वेळ झाला, तरी त्यांना कोणी उठवले नव्हते.